रद्दीतला डिंक

रिसोडच्या दुकानातला रिकामा खोका भंगारात जातो तो चिकटपट्टीसकट. ती ओढून काढायला दोन सेकंद लागतात, पण काढतो कोण? कागद कारखान्यात लगदा होताना प्लॅस्टिकची पट्टी वेगळी होते, डिंक मात्र तुकडे होऊन लगद्यात राहतो. गरम झाला की मऊ पडतो आणि चाळणीच्या ०.१५ मिलिमीटरच्या फटीतूनही चेपून निसटतो. पुढे कागदयंत्राच्या जाळीवर, फेल्टवर, तापलेल्या सिलिंडरवर जाऊन बसतो. कागदाला भोक पडतं, पट्टा तुटतो, यंत्र थांबतं.

म्हणून लगदा बेताचाच तापवतात, बेतानंच घुसळतात. तुकडे मोठे राहिले तर चाळणीत अडकतात. निसटलेल्यांवर शंखजिऱ्याची पूड, पोळी लाटताना पीठ लावावं तशी. काही गिरण्या एस्टरेज विकर वापरतात. ते काही डिंकांचे रासायनिक बंधच तोडतं.