इंजिनाच्या पुनर्बांधणीत सिलिंडर लायनरची बसवणी : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यातील शेतीचे वेळापत्रक आज बऱ्याच अंशी ट्रॅक्टरच्या इंजिनावर अवलंबून आहे. ऐन पेरणीत इंजिन बंद पडल्यास झालेला विलंब भरून काढता येत नाही. इंजिन ऑइल पिऊ लागले, निळसर धूर सोडू लागले आणि त्याची ओढ कमी झाली की इंजिनाचे काम काढले जाते व बहुधा लायनर बदलला जातो. नवा लायनर टाकला म्हणजे इंजिन नवे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लायनरचे आयुष्य त्याच्या बैठकीचे मोजमाप आणि इंजिनात फिरणारे पाणी यांवर अवलंबून असते. हीच बाब प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहे.

लायनरचे प्रकार :
पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती बिडाची नळी म्हणजे लायनर किंवा स्लीव्ह. कोरडा लायनर ब्लॉकच्या बोअरमध्ये घट्ट दाबलेला असतो. त्याला पाण्याचा स्पर्श होत नाही. ओल्या लायनरच्या बाहेरील अंगाला मात्र थेट पाणी लागते. त्याची वरची कॉलर ब्लॉकच्या खाचेत टेकते आणि खालच्या रबरी रिंगा पाण्याला ऑइलच्या चेंबरमध्ये उतरू देत नाहीत.

कोरड्या लायनरची बसवणी :
येथे लायनरचा बाहेरील व्यास बोअरपेक्षा काही शतांश मिलिमीटरने अधिक ठेवला जातो. बसवताना ब्लॉक तापवतात अथवा लायनर गोठवतात. तापमान समान झाल्यावर पकड निर्माण होते. पकड सैल राहिल्यास लायनर व ब्लॉक यांच्यात हवेचा थर राहून उष्णता अडते. अतिघट्ट झाल्यास ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

शर्यतीच्या मोटारींच्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ॲल्युमिनियमचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे 23 दशलक्षांश, तर बिडाचा सुमारे 11 दशलक्षांश आहे. 85 मि.मी. व्यासाचे दोन्ही भाग 80 अंशांनी सारखेच तापले असे मानल्यास ब्लॉकचे बोअर सुमारे 0.156 मि.मी.ने, तर लायनर सुमारे 0.075 मि.मी.ने वाढेल. म्हणजे थंड अवस्थेतील पकड सुमारे 0.08 मि.मी.ने घटेल. बिडाच्या ब्लॉकमध्ये दोन्ही भाग जवळपास सारखेच प्रसरण पावतात. म्हणून एका इंजिनाचे माप दुसऱ्याला लावता येत नाही.

ओला लायनर आणि पाणी :
ओल्या लायनरची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहावी लागते; तरच हेड आवळल्यावर गॅस्केटवर योग्य दाब येतो. खाचेत गंज वा कचरा राहिला तर कॉलर तिरपी बसते. म्हणून ही उंची डायल गेजने चारही बाजूंनी मोजणे आवश्यक ठरते.

पिस्टनच्या आघातांनी लायनर कंप पावतो. त्यामुळे लगतच्या पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व बाहेरील अंगावर खड्डे पडतात. पुढे लायनरला आरपार छिद्रही पडू शकते. घाटाखालील शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा भाग येतो. तेथील क्षारयुक्त भूजल रेडिएटरमध्ये भरल्यास क्लोराइडमुळे गंज वाढतो आणि क्षारांचा थर उष्णता अडवतो. क्षारविरहित पाणी व योग्य प्रमाणात कूलंट हा त्यावरील सोपा उपाय होय.

होनिंग :
बसवणीनंतर कोरड्या लायनरचे बोअर सामान्यतः अंतिम मापाला आणून होनिंग केले जाते. होनिंगच्या तिरप्या, परस्परांना छेदणाऱ्या बारीक रेषांत ऑइल टिकते. हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअरचा आकार किंचित बदलतो. म्हणून शर्यतीच्या इंजिनांत जाड पोलादी पट्टी ब्लॉकवर आवळून होनिंग करतात. अखेरीस ब्लॉक साबणाच्या पाण्याने धुणे अनिवार्य आहे. उरलेली भुकटी नव्या रिंगा झिजवते.

समारोप :
लायनर बदलणे हे केवळ सुटा भाग बदलण्याचे काम नसून मोजमाप, उष्णताप्रसरण व जलरसायन यांचा एकत्रित उपयोग आहे. शेगाव येथे 1983 पासून अभियांत्रिकीचे शिक्षण उपलब्ध आहे. परिसरातील कार्यशाळेत निघालेला, खड्डे पडलेला एक जुना लायनर वर्गात ठेवल्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व भूगोल या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना त्याच्या आधारे शिकवता येईल. शेतकऱ्यालाही पाण्याची निवड व बसवणीचे मोजमाप यांचे महत्त्व पटल्यास ऐन हंगामातील खोळंबा बऱ्याच अंशी टाळता येईल.