मांजर, पूर आणि ‘फुकट’ सॉफ्टवेअर: लॅटव्हियाने ऑस्कर कसं मिळवलं?

 

आज एका काळ्या मांजराची गोष्ट. मार्च २०२५. ऑस्करमध्ये ॲनिमेशनपटांच्या शर्यतीत पिक्सारचा ‘इन्साइड आउट २’, ड्रीमवर्क्सचा ‘द वाइल्ड रोबोट’, आणि लॅटव्हियाचा ‘फ्लो’. पुरात सापडलेलं मांजर, एका होडीत बाकीचे प्राणी, आणि अख्ख्या सिनेमात एक शब्दही नाही. जिंकला ‘फ्लो’! लॅटव्हियाचं हे पहिलंच ऑस्कर. देशाची लोकसंख्या १९ लाखांच्या आत, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षाही कमी.

दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: एका पोराने घरी बसून फुकट सॉफ्टवेअरवर ऑस्कर मिळवलं, तुम्ही काय करताय? मला तो लागला, खरं सांगतो. मी आणि माझा रूममेट तीन वर्षं सात मिनिटांच्या ॲनिमेशनपटावर ‘काम करतोय’. फोल्डरमध्ये आहे एक स्क्रिप्ट आणि एक अर्धवट रिक्षा. म्हणून जरा खोदून बघितलं. फॉरवर्ड अर्धाच खरा निघाला.

आधी खरा अर्धा

दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस, जन्म १९९४. त्याचा पहिला मोठा सिनेमा ‘अवे’, २०१९ चा. लेखन, ॲनिमेशन, एडिटिंग, संगीत, सगळं एकट्याने. साडेतीन वर्षं लागली. पण त्याने स्कोप बघा कसा आवरला: मोटरसायकलवरचा एक मुलगा, एक पक्षी, मागे लागलेली एक काळी आकृती. गर्दी नाही, संवाद नाहीत. जे एकट्याला झेपेल तेवढंच लिहिलं.

मग ‘फ्लो’, ब्लेंडरवर. ब्लेंडरमध्ये ईव्ही नावाचं रेंडर इंजिन आहे. नेहमीचं इंजिन प्रकाशाचा एकेक किरण मोजत बसतं. एका फ्रेमला तासही लागू शकतात. ईव्ही गेमसारखं काम करतं, प्रकाशाचा चांगला अंदाज बांधतं आणि चित्र लगेच समोर. ‘फ्लो’ची एक फ्रेम साधारण अर्ध्या ते दहा सेकंदांत व्हायची. शेवटचं रेंडरिंग त्याने स्वतःच्या पीसीवर केलं. स्टोरीबोर्डही नाही, थेट थ्रीडी जगात कॅमेरा फिरवत शॉट शोधायचा. किंमत काय मोजली? प्राण्यांची फर हुबेहूब दिसत नाही, रंगवल्यासारखी दिसते. त्याने तीच सिनेमाची शैली केली.

आता फॉरवर्डमधून गळलेला अर्धा

‘फ्लो’ एकट्याने केलेला नाही. सहलेखक आणि निर्माता मातीस काझा, संगीतात जोडीला रिहार्ड्स झाल्युपे, आणि फ्रान्स-बेल्जियममधले ॲनिमेटर्स. साडेपाच वर्षं गेली. बजेट सुमारे ३५ लाख युरो, म्हणजे ढोबळमानाने ३२ कोटी रुपये. ‘इन्साइड आउट २’च्या जवळपास २० कोटी डॉलरपुढे हा पन्नासावा हिस्सा, पण पॉकेटमनी नक्कीच नाही.

हे पैसे आले कुठून? १९ लाखांच्या देशात तिकिटं विकून सिनेमाचा खर्च निघणं अवघड. १९९१ मध्ये लॅटव्हिया सोव्हिएत संघातून बाहेर पडला, आणि मॉस्कोच्या पैशावर चालणारी जुनी स्टुडिओ-व्यवस्था कोसळली. त्यानंतर सरकारी राष्ट्रीय फिल्म केंद्र थोडं अनुदान देतं आणि उरलेल्यासाठी निर्माते दुसऱ्या देशांत भागीदार शोधतात, अशी पद्धत रुळली. देशाच्या शताब्दीला, २०१८ मध्ये, खास योजनेतून १६ सिनेमे झाले. म्हणजे ‘फ्लो’ आभाळातून पडला नाही. पायाभरणी आधीपासून चालू होती.

आणि ब्लेंडर तरी कुठे फुकट? २००२ मध्ये त्यामागची कंपनी बंद पडल्यावर टोन रोझेनडाल यांनी वापरणाऱ्यांकडून एक लाख युरो गोळा करून कोड सगळ्यांसाठी खुला केला. आपल्यासाठी फुकट, कारण कुणीतरी आधीच पैसे भरलेत.

लोकांनीही सिनेमा आपला मानला. ‘फ्लो’ लॅटव्हियाच्या थिएटरांत आजवर सर्वाधिक पाहिला गेलेला सिनेमा ठरला. गोल्डन ग्लोबची ट्रॉफी रीगाच्या कला संग्रहालयात ठेवली, तर बघायला रांगा लागल्या!

मग ‘तुम्ही काय करताय’ या प्रश्नाचं काय? मला वाटतं, त्याचे दोन तुकडे करावेत. आपल्या हातात काय आहे? स्कोप. आणि काय नाही? साडेपाच वर्षं टिकू देणारा पैसा, सोबतीला माणसं. दुसऱ्याची कमतरता स्वतःच्या आळसाच्या खात्यात टाकू नका. आणि पहिल्याचं खापर बजेटवर फोडू नका. मी तीन वर्षं तेच केलं.

परवा आम्ही दोघं बसलो आणि सात मिनिटांची नव्वद सेकंदं केली. एक रिक्षा, एक कुत्रं, पाऊस, संवाद शून्य. रिक्षाला अजून मागची चाकं नाहीत. पण पहिला शॉट रेंडर झालाय.

तुमचा अडकलेला प्रोजेक्ट कोणता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. भेटूच!