डाव्या बैलाचा खांदा

कारखान्याच्या रस्त्यावर ऊसगाड्यांची रांग लागली की बैल निवांत बघायला मिळतात. काट्यावर नंबर यायला कधी दोन तास लागतात, कधी अर्धी रात्र जाते. गाडीवान दांडीखाली टेकू लावून बैल सोडतात, पुढ्यात वाढं टाकतात आणि शेकोटीशी जाऊन बसतात. जू उतरलं की एरवी लाकडाखाली झाकलेली मानेवरची जागा उघडी पडते. मी चित्र करायला घेतलं ते त्या जागेचं.

"ताई, तोंड काढा की त्याचं. शिंगं बघा कशी हायेत. खांदा काय काढायलात?" जोडीचे मालक म्हणाले. बीडकडचे, पन्नाशीतले. मी त्यांना दादा म्हणते. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. बैलाचं चित्र म्हटलं की आपल्याला पोळ्याचा बैल आठवतो: खिलारीची लांब शिंगं, त्यावर शेंब्या, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. वर्षातून एक दिवस तो तसा असतोही. उरलेल्या दिवसांचा बैल मात्र या तळहाताएवढ्या जागेत साठलेला आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

वशिंडाच्या पुढे, मानेवर, पडलेला घट्टा. त्यावर केस नाहीत. रंग जांभळट करडा, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा. मधला भाग घासून घासून गुळगुळीत झालेला, शेकोटीच्या उजेडात चकाकणारा. कडेला बारीक भेगा. पांढरे केस मानेवरून मागे येत येत घट्ट्यापाशी दोन बाजूंना फाकतात आणि पलीकडे पुन्हा एकत्र होतात, ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालून जातं तसे. पहिल्या संध्याकाळी मी वहीत बैल काढलाच नाही, नुसत्या केसांच्या दिशा काढल्या. तेवढ्यात पोटावर माशी बसली आणि तिथलं कातडं थरथरलं. ती उडून घट्ट्यावर बसली. तिथं काहीच हललं नाही. "मधी त्याला काही कळत नाही," दादा म्हणाले, "पर कडंला दाबलं की पाय उचलतो." आणि त्यांनी कडेला अंगठा लावून दाखवलं, अगदी हलका.

जोडीतल्या उजव्या बैलाचा घट्टा एवढा नव्हता. बैल एकदा ज्या बाजूला जुंपायला शिकवला त्याच बाजूला राहतो. रस्त्याचा उतार, मालकाची सवय, जोडीदाराचा जोर, सगळं त्या बाजूने त्याच्या मानेवर लिहिलं जातं.

याआधी मी प्राण्यांवर एक मोठं चित्र केलं होतं. भरपूर लाल रंग, उघडा जबडा, पांढरे झालेले डोळे. मन लावून केलं होतं. प्रदर्शनात लोक यायचे, "अरे देवा" म्हणायचे आणि पुढच्या चित्राकडे वळायचे. त्यांचा दोष नव्हता. भय दाखवलं की माणूस आधी स्वतःला सांभाळतो. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या सू को या चित्रकर्तीने कत्तलखान्यांत जाऊन, उभं राहून रेखाटनं केली. १९९६ मध्ये तिचं 'डेड मीट' पुस्तक आलं. त्या चित्रांत रक्त आहे, पण ती चित्रं सोडवत नाहीत, कारण त्यात तिथं राबणारी माणसंही तितक्याच बारकाईने आहेत. माझ्या लाल चित्रात कोणीच नव्हतं. बैलाजवळ तासभर बसायचं सोडून मी माझा संतापच रंगवला होता.

खांद्याचं चित्र चार फूट बाय तीन फूट. फळीवर गोणपाट ताणून बसवलं आणि त्यावर गव्हाच्या पिठाची खळ दिली. खळीला कीड लागू नये म्हणून जुने बुकबाइंडर घालतात तसा चिमूटभर मोरचूद घातला. घट्टा नुसत्या रंगाने जमेना. तो उंच हवा होता, हाताला लागायला हवा होता. गुऱ्हाळावरून चिपाडं आणली, बारीक कापून तीन दिवस भिजवली, शिजवली, कुटली आणि लगदा केला. ज्या उसाने घट्टा पडला त्याच उसाच्या चिपाडाचा घट्टा. लगदा एकदम जाड लावला की वाळताना सुटून येतो, म्हणून पातळ थर लावायचा, दोन दिवस सावलीत वाळवायचा, मग पुढचा. असे सात थर झाले. कडेच्या भेगा मी पाडल्या नाहीत. पाचवा थर मी घाईने उन्हात ठेवला आणि त्या आपोआप पडल्या. ते खोटं वाटलं नाही, म्हणून तसंच ठेवलं.

थरांच्या मध्ये काट्याच्या पावत्या आहेत. दादांनी जपून ठेवलेल्या जुन्या पावत्या मला दिल्या होत्या: तारीख, गाडी नंबर, वजन. लगद्याखाली त्या पूर्ण झाकल्या गेल्या, फक्त एका भेगेतून एक आकडा दिसतो. जवळ गेल्याशिवाय तो वाचता येत नाही.

केसांना सर्वांत जास्त वेळ लागला. सुरुवातीला ते रंगवले, पण सपाट दिसले. मग दादांच्या तुटक्या कासऱ्याचे पीळ उलगडले, जुन्या धोतराचं सूत काढलं आणि गोणपाटावर गोधडीच्या धावदोऱ्याने टाके घालायला बसले. वहीतल्या दिशा समोर ठेवून एकेक टाका. घट्ट्यापाशी आल्यावर दोरा वळवायचा, पलीकडे पुन्हा जुळवायचा. रोज संध्याकाळी दोन तास, जवळजवळ सात आठवडे. आई गोधड्या शिवताना जो कंटाळा मला लहानपणी दिसायचा तो कंटाळा नव्हताच, हे मला त्या आठवड्यांत कळलं. हात चालत असतात आणि डोळ्यांपुढे एकच जागा असते. कोणाविषयी इतका वेळ सलग विचार मी माणसांच्या बाबतीतही फार वेळा केलेला नाही.

अशाच एका संध्याकाळी घट्ट्याच्या सावल्यांसाठी काळा रंग घेतला आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली. आयव्हरी ब्लॅक, रंगद्रव्य पीबीके ९. म्हणजे जाळलेल्या हाडांचा कोळसा. मी बैलाचा खांदा हाडांच्या कोळशाने रंगवत होते. मग एकेक वस्तू तपासली. सरस कातडी आणि हाडं उकळून होतो. जलरंगाच्या अनेक चांगल्या कागदांना जिलेटिनचा लेप असतो. आणि ब्रश! कॉलेजात असताना आम्ही हट्टाने मुंगसाच्या केसांचे ब्रश घ्यायचो. टोकाला गडद, मध्ये पिवळट, बुडाशी पुन्हा गडद, असा तो केस ओळखू येतो. मुंगसाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तरी या ब्रशांसाठी ती मारली जातात. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे घातले, तेव्हा ही गोष्ट बातम्यांत आली. माझ्या डब्यातले तसे तीन ब्रश मी बाजूला काढले. प्राण्याविषयी माया वाटावी म्हणून केलेलं चित्र दुसऱ्या प्राण्याच्या जिवावर उभं राहत असेल, तर ते मला पुरं करता येणार नाही, हे त्या दिवशी ठरलं.

मग काळा रंग घरी केला. तेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरून काजळी जमवली, बाभळीच्या डिंकात खलली. हाडांच्या काळ्यापेक्षा ती थोडी निळसर लागते आणि जांभळट घट्ट्याला उलट बरी दिसते. ब्रशाऐवजी वारली चित्रकार वापरतात तशी टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. मधल्या गुळगुळीत भागाला डिंकाचेच नऊ हात दिले.

या सगळ्यात दादांना दोषी धरणं सोपं होतं. मी ते करत नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको दोघं पहाटे फडात उतरतात आणि बैलांशेजारी कोपीत झोपतात. ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत: दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, ३७ अंशांच्या वर पारा असताना दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, टोचणारी पराणी वापरायची नाही. मी ते दादांना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आन माणसाला किती तास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये जुवाखाली आधाराचं चाक लावून मानेवरचा भार कमी करणारं 'सारथी' केलं, त्याचा फोटो मी त्यांना मोबाइलवर दाखवला. तो त्यांनी बराच वेळ मोठा करून करून पाहिला.

शेवटचा थर हळदीचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. हळद आणि लोणी लावून बैलाचे खांदे चोळतात, आवतण देतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी तेलात कालवलेली हळद तळव्याने चित्रातल्या घट्ट्याच्या कडांना चोळली. हळदीचा रंग उजेडात उडतो, हे माहीत होतं. टिकाऊ पिवळा वापरता आला असता. वापरावासा वाटला नाही.

तालुक्याच्या वाचनालयाच्या सभागृहात चित्र लावलं, तेव्हा 'हात लावू नये' ही पाटी मी काढायला सांगितली. लोक आधी बिचकायचे, मग बोट लावायचे, मग तळवा. एक आजोबा बराच वेळ तळवा ठेवून उभे राहिले आणि काही न बोलता निघून गेले. शाळेची मुलं मध्यभागी जोरात दाबायची. एका मुलीने विचारलं, "कडेला दाबलं तर दुखेल का?" तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या हंगामात दादा आले. जोडीतला उजवा बैल तोच होता, डावीकडे नवा, कोवळ्या मानेचा. मी विचारण्याआधीच म्हणाले, "इकला ताई. उचल फिटंना." रांग लांब होती, नंबर पहाटेचा. मी त्यांना घरी नेऊन चित्र दाखवलं. ते दारातच थांबले, चप्पल काढली आणि जवळ आले. पावतीचा आकडा त्यांना दिसला की नाही, कळलं नाही. घट्ट्याच्या कडेला त्यांनी अंगठा ठेवला, अगदी हलका, आणि केसांच्या दिशेने एकदा हात फिरवला.

"डावाच हाय," म्हणाले. मग अंगठा उजेडात धरून बघितला. "हळद कमी झालीया."

मी आतून वाटी आणली.