टाळी कधी वाजवायची?

प्रयोगशील जॅझ ऐकताना टाळी कधी वाजवायची? चार्ल्स मिंगसचं १९६० सालचं ध्वनिमुद्रण आपण पाहू. न्यूयॉर्कचा स्टुडिओ, समोर श्रोते नाहीतच. तरी क्लबात असल्यासारखं मिंगस बजावतो: टाळ्या आवरा, ग्लासातला बर्फ खुळखुळवू नका, गल्ल्याची घंटी नको.

आता हा नुसता तऱ्हेवाईकपणा नव्हे. या चौकडीत पियानो नाही. सुरांचा पाया घालून देणारं कुणी नाही, म्हणून चौघं एकमेकांचं ऐकत वाट काढतात. ‘व्हॉट लव्ह’मध्ये मिंगसचा बास आणि एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट तर चक्क बोलतात, भांडतात.

जॅझमध्ये एकाचं वादन संपलं की टाळी, ही रीत. पण असं बोलणं चालू असताना टाळी दिली तर समोरच्याचं उत्तरच बुडतं. म्हणून आपण एवढंच करायचं: शेवटचा सूर विरू द्यायचा, मग मनसोक्त दाद.