जबडा तुटलेल्या कारीगराने कामावर केव्हा परतावे?

धोटा उडणे ही मालेगावच्या कारखान्यांत नवलाची गोष्ट नाही. साध्या लूमवर धोटा मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते. पिकर फाटला, तुटलेली तार ताण्यात अडकली किंवा धोट्याची पेटी झिजली की तो बाहेर पडतो. बहुतेक वेळा भिंतीवर आपटतो. कधी समोरच्या ओळीतल्या माणसाला लागतो.

2023 च्या मे महिन्यात, रमजान ईद होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा आमचे सूत ज्या कारखान्यात मजुरीवर विणायला दिले होते तेथील एका कारीगराच्या तोंडावर असाच धोटा बसला. उमर तिशीच्या आसपास, सहा लूम एकटा सांभाळणारा. खालच्या जबड्याचे हाड दोन ठिकाणी मोडले. धुळ्याला ऑपरेशन झाले, टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या आणि वरचे व खालचे दात तारेने एकमेकांना बांधून तोंड बंद केले. डॉक्टरांनी निक्षून सांगितले, सहा आठवडे जड काम नाही.

सतराव्या दिवशी तो लूमवर हजर झाला.

यात त्याचा दोष किती आणि आमचा किती, याचा हिसाब आम्ही अजून करतो आहोत. ईदची उचल त्याच्या नावावर बाकी होती. आपल्याकडे मजुरी मीटरवर मिळते, शुक्रवारी सुट्टी म्हणून हप्ता गुरुवारी वाटतात. ज्याने कापड काढले नाही त्याला गुरुवार कोरडा जातो. सूज उतरली होती, चेहरा पाहून कोणी म्हटले नसते की आत हाड अजून कच्चे आहे. त्यात आम्ही मालकाला दिवसाआड फोन करत होतो, पालीच्या पार्टीचे कोरे कापड केव्हा निघणार म्हणून. त्या माणसासाठी आम्ही विचारत नव्हतो, पण त्या फोनचा धक्का शेवटी त्याच्यापर्यंतच पोहोचला.

बाहेरच्या माणसाला वाटते, लूमवर हातापायांचे काम, जबड्याचा काय संबंध? संबंध आहे. थांबलेला लूम पुन्हा सुरू करायला हत्ता जोराने मागे ढकलावा लागतो, आणि जोर लावताना माणूस नकळत दात आवळतो. भरलेला बीम दोघे-तिघे मिळून चढवतात, तेथे तर आवळतोच. हा सारा ताण त्या चार-सहा स्क्रूंवर येतो. शिवाय तोंड बंद, म्हणजे श्वास नाकाने; आणि कारखान्याच्या हवेत सुताचा भुसा तरंगत असतो, तासाभरात नाक चोंदते. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली बारा तास उभ्या माणसाला जितके पाणी लागते, तितके दातांच्या फटीतून नळीने ओढता येत नाही. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यायची त्याची जुनी सवय होती, ती अर्थात बंद झाली. वाकड्या तारेचा हुक वापरावा लागला. (ही सवय सर्वांनीच सोडावी. एकच धोटा किती तोंडांना लागतो याचा विचार करा.)

आणि पोट रिकामे. दूध, डाळीचे पाणी, गाळलेली यखनी यावर सतरा दिवस काढलेला माणूस. अंगावरचे कपडे सैल झाले होते. चक्कर आली तर चालत्या पट्ट्यावर हात जायला किती वेळ लागतो?

अपघात झाला नाही, पण पाचव्या दिवशी गाल पुन्हा फुगला, ताप भरला. एक स्क्रू ढिला झाला होता, जखमेत पू झाला होता. मे संपता संपता पुन्हा धुळे, पुन्हा भूल, पुन्हा खर्च. पहिल्या वेळी जो मालक “कारीगर बसून खाईल” म्हणाला होता, तो या वेळी गप्प होता. आम्हीही गप्प होतो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, गुटखा खातो का? महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर बहुधा होच येते. बिडी-सिगारेटने हाड जुळायला वेळ लागतो आणि झुरका ओढताना टाक्यांवर ताण येतो, हेही त्यांनी समजावले. कारीगराने मान खाली घातली. उत्तर त्याच्या बायकोने दिले.

दुसऱ्या वेळी मात्र ठरवून काम केले. उचलीची वसुली तीन महिने थांबवली. दर गुरुवारी घरखर्चापुरती रक्कम निम्मी मालकाने, निम्मी आम्ही द्यायची, आणि ती उचलीत धरायची नाही. कामावर जखम झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व आपल्या देशात 1923 च्या कायद्यापासून आहे. यात आम्ही काही मेहरबानी केली असे कोणी समजू नये. कामगार विमा योजनेत नाव असते तर कामावरच्या दुखापतीत सक्तीने घरी बसलेल्या दिवसांचे वेतनाच्या 90 टक्के मिळाले असते. नाव नव्हते. किती कारखान्यांत आहे, ते वाचकांना ठाऊक आहे.

29 जूनला बकरी ईद होती. शेजारपाजारहून गोश्त आले, मुलांनी खाल्ले, याने वाटीभर यखनी नळीने घेतली. पक्कड त्याच्या खिशात होती. उलटी झाली तर जीव गुदमरू नये म्हणून दातांच्या तारा ताबडतोब कापता आल्या पाहिजेत, यासाठी ती जवळ ठेवायची असते. पहिल्या वेळी ती घरी खिळ्याला टांगून तो कारखान्यात आला होता!

जुलैच्या मध्यावर तारा निघाल्या. तोंड एका बोटाइतके उघडत होते. उघडण्याचा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा, हळूहळू तीन बोटांपर्यंत. तेव्हा त्याला आम्ही आमच्या गोदामात बोलावले: बसून तागे तपासणे, डाग-तुटीवर खडूने खूण करणे, मीटर लिहिणे. भुसा कमी, जोर नाही. खरे सांगायचे तर सहा लूम चालवलेल्या माणसाइतकी बारीक नजर आमच्या तपासनिसालाही नाही. तीन आठवडे त्याने हे काम केले आणि त्या काळात पार्टीकडून एकही तागा परत आला नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा फोटो काढला. हाड जुळले आहे असे डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच तो लूमवर गेला. पहिला आठवडा दोन लूम, मग चार. बीम चढवायला दुसरा माणूस. सहा लूम त्याने दिवाळीनंतर घेतले.

खालच्या ओठाचा डावा भाग बधिर आहे. चहा पिताना थेंब हनुवटीवर ओघळतो, त्याला कळत नाही, समोरच्याने खूण करावी लागते. मालकाने त्याच्या ओळीतल्या सर्व लूमना धोटा अडवणारी सळई बसवून घेतली आहे. बाकीच्या ओळींचे विचारले की “पुढच्या महिन्यात” म्हणतो. कारीगर मात्र पाळी सुरू होताना आधी प्रत्येक पिकर बोटाने चाचपतो. फाटलेला वाटला तर बटण दाबत नाही, मुकादम कितीही ओरडो.