प्रवासनिर्बंधांच्या काळातील एकदिवसीय सहल : जर्मनीतील कॅम्परव्हॅनचा अनुभव

कोविड-१९ च्या महासाथीने जगातील बहुतेक शासनांपुढे एक अवघड प्रश्न उभा केला. नागरिकाने घरापासून किती दूर जावे, किती वेळ बाहेर राहावे आणि कोणाच्या सोबतीने जावे, हे शासनाने ठरवायचे झाल्यास ते कोणत्या निकषावर ठरवावे? अंतर, वेळ, प्रवासाचे प्रयोजन आणि माणसांचा परस्परसंपर्क असे अनेक निकष या काळात वापरून पाहिले गेले. जर्मनीमध्ये या निकषांची कसोटी पाहणारे एक अनपेक्षित साधन म्हणजे कॅम्परव्हॅन.

झोपण्याची जागा, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि बहुधा शौचालय असलेले हे वाहन म्हणजे चाकांवरील लहानसे घर होय. मुक्कामी प्रवासासाठी तयार झालेले हे वाहन महासाथीच्या पहिल्या हिवाळ्यात प्रामुख्याने सकाळी निघून सायंकाळी घरी परतण्यासाठी वापरावे लागले. असे का घडले आणि त्यातून सार्वजनिक धोरणाविषयी काय शिकता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाकांवरील घराची परंपरा

जर्मनीत या वाहनांची परंपरा जुनी आहे. आल्गॉय प्रदेशातील इस्नी येथील अरिस्ट डेथलेफ्स यांनी १९३१ मध्ये आपल्या चित्रकार वाग्दत्त वधूला व्यवसायानिमित्तच्या प्रवासात सोबत येता यावे म्हणून मोटारीमागे जोडण्याचे एक राहते वाहन तयार केले. जर्मनीतील कॅरॅव्हॅन उद्योगाचा आरंभ येथून मानला जातो. फोक्सवॅगन कंपनीच्या प्रसिद्ध व्हॅनचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले आणि लगेचच, १९५१ मध्ये, वेस्टफालिया या कंपनीने त्या व्हॅनमध्ये बसवता येणारा संसारोपयोगी सरंजाम बाजारात आणला. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सुट्टीचे साधन म्हणून कॅम्परव्हॅन तेव्हापासून रुजली.

महासाथीच्या काळात या वाहनांची मागणी झपाट्याने वाढली. जर्मनीत २०१९ मध्ये सुमारे ५४ हजार नव्या मोटार-निवासी वाहनांची नोंदणी झाली होती; २०२० मध्ये ही संख्या सुमारे ७८ हजारांवर गेली. विमानप्रवास जवळजवळ थांबलेला, हॉटेलांविषयी मनात भीती आणि जुलै ते डिसेंबर २०२० या काळात मूल्यवर्धित कराचा दर १९ वरून १६ टक्क्यांवर आणलेला, अशी अनेक कारणे त्यामागे होती. परंतु ज्यांनी स्वातंत्र्याच्या अपेक्षेने हे वाहन घेतले, त्यांना लवकरच उमगले की वाहन स्वतःचे असले तरी ते उभे करण्याची जागा समाजाची असते.

नियम कोणाचे?

जर्मनी हे १६ घटकराज्यांचे संघराज्य आहे. साथरोग प्रतिबंधक कायदा संघराज्याचा असला, तरी त्याखालील प्रत्यक्ष नियम घटकराज्ये करतात. तेथील राज्यघटनेच्या, म्हणजे मूलभूत कायद्याच्या, ११ व्या अनुच्छेदाने नागरिकांना देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला आहे; साथीच्या धोक्याशी मुकाबला करण्यासाठी त्यावर मर्यादा घालता येईल, अशी तरतूदही त्याच अनुच्छेदात आहे. या हक्काला जर्मनीत विशेष भावनिक मूल्य आहे. तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी १८ मार्च २०२० रोजी दूरचित्रवाणीवरून केलेल्या भाषणात याचा उल्लेख केला. पूर्व जर्मनीत वाढलेल्या आपल्यासारख्या व्यक्तीला संचारस्वातंत्र्य संघर्षाने मिळालेले आहे आणि त्यावरील निर्बंध केवळ अपरिहार्य म्हणूनच समर्थनीय ठरतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

त्याआधीच, १६ मार्च २०२० पासून, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग व डेन्मार्क यांच्या सीमांवर तपासणी सुरू झाली होती. पर्यटनासाठी मुक्कामाची सोय बंद करण्याचे ठरले. त्यात हॉटेलांबरोबर कॅम्पिंगच्या जागाही आल्या. २२ मार्च रोजी संपर्कबंदीचे नियम देशभर ठरले. मोकळ्या हवेतील व्यायाम व फेरफटका यांना मात्र मुभा राहिली. एकदिवसीय सहलीचा सारा प्रश्न या मुभेतून निर्माण झाला. फेरफटका घरापासून किती दूर मारला म्हणजे त्याची सहल होते?

घटकराज्यांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली. उत्तरेकडील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने पर्यटकांना, दिवसभरासाठी येणाऱ्यांनाही, प्रवेश नाकारला. हॅम्बुर्ग हे शहर स्वतःच एक घटकराज्य असून त्याची सीमा या राज्याला लागून आहे. परिणामी रोजच्या वाटेने सायकल फिरवणाऱ्या हॅम्बुर्गवासीयांनाही सीमेवरून परतवल्याच्या घटना घडल्या. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने तर २०२० च्या ईस्टरमध्ये आपल्याच रहिवाशांना बाल्टिक समुद्रातील बेटांवर व सरोवरांच्या प्रदेशात एका दिवसाच्या सहलीला जाण्यास मनाई केली. ग्राइफ्सवाल्ड येथील उच्च प्रशासकीय न्यायालयाने ९ एप्रिल रोजी ही मनाई स्थगित केली.

उन्हाळ्यात रात्र, हिवाळ्यात दिवस

पुढील घडामोडी अधिक उद्बोधक आहेत. २५ मे २०२० पासून मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नने अन्य राज्यांतील मुक्कामी पाहुण्यांना प्रवेश दिला. परंतु बाहेरून केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवरील बंदी ४ सप्टेंबर २०२० पर्यंत कायम राहिली. म्हणजे कॅम्पिंगच्या जागेचे आरक्षण असलेली कॅम्परव्हॅन त्या राज्यात आठवडाभर राहू शकत होती, मात्र तीच व्हॅन दुपारपुरती किनाऱ्यावर आणणे नियमबाह्य होते. वरवर विसंगत वाटणाऱ्या या नियमामागे प्रशासकीय तर्क होता. मुक्कामी पाहुण्याचे नाव व पत्ता नोंदवला जातो, संसर्ग आढळल्यास त्याचा माग काढता येतो आणि आरक्षणामुळे एकूण संख्येवर नियंत्रण राहते. दिवसभरासाठी येणाऱ्यांची अशी मोजदाद होत नाही.

२ नोव्हेंबर २०२० पासून चित्र उलटले. दुसऱ्या लाटेत पर्यटनासाठीचा मुक्काम देशभर बंद करण्यात आला. उपाहारगृहांतून केवळ पदार्थ बांधून नेता येत होते. १६ डिसेंबरपासून बहुतेक दुकानेही बंद झाली. आता रात्रीला बंदी आणि दिवसाला, काही मर्यादेत, मोकळीक होती. जर्मनीत चालकाला थकवा घालवण्यासाठी रस्त्याकडेला वाहनात एक रात्र झोपण्याची मुभा दिली जाते. परंतु ती वाहन पुढे सुरक्षितपणे नेता यावे यासाठी आहे, सुट्टी घालवण्यासाठी नाही.

एकदिवसीय सहलीसाठी कॅम्परव्हॅन उपयुक्त ठरली ती याच परिस्थितीत. हिवाळ्यात तापमान शून्याखाली, उपाहारगृहे बंद आणि सार्वजनिक शौचालये अनेक ठिकाणी कुलूपबंद असताना लहान मुले किंवा वयस्क आईवडील यांना घेऊन रानात फिरायला जाणे साध्या मोटारीने अवघड होते. व्हॅनमध्ये गॅसवर चालणारी उष्णतेची सोय, गरम सूप आणि शौचालय उपलब्ध असे. लहान व्हॅनमध्ये सुमारे ३० लिटर, तर मोठ्या वाहनात १०० लिटरच्या आसपास पाणी मावते. एका दिवसासाठी ते पुरेसे असते. एका कुटुंबातील माणसे आपल्याच वाहनात जेवून परतत असल्याने बाहेरच्यांशी संपर्क अत्यल्प राही. संपर्काचे नियमही कुटुंब हा घटक धरूनच केलेले होते.

तरीही या सोयीला मर्यादा होत्या. अनेक मालक कर व विमा वाचवण्यासाठी हंगामी नोंदणी घेतात. मार्च ते ऑक्टोबर अशी मुदत वाहनाच्या क्रमांकपट्टीवरच लिहिलेली असते. मुदतीबाहेर असे वाहन रस्त्यावर चालवता येत नाही, सार्वजनिक जागेत उभेही करता येत नाही. थंडीत टाक्या व नळ गोठण्याचा धोका असतो आणि पाणी भरण्याची केंद्रेही अनेक ठिकाणी हिवाळ्यात बंद असतात. शिवाय वाहन उभे करणे निराळे आणि छावणी टाकणे निराळे. बाहेर खुर्च्या मांडल्या किंवा छत पसरले की ते कॅम्पिंग ठरते व त्यासाठी वेगळी परवानगी लागते.

पंधरा किलोमीटरचे वर्तुळ

२०२० च्या नाताळानंतर बर्फ पडताच झाउअरलांडमधील विंटरबर्ग, हार्त्स पर्वत आणि ब्लॅक फॉरेस्टमधील फेल्डबर्ग या ठिकाणी शहरांतून हजारो वाहने लोटली. लिफ्ट व हॉटेले बंद असूनही वाहनतळ भरून गेले. विंटरबर्ग परिसरात पोलिसांना रस्ते अडवावे लागले. प्रत्येक कुटुंब आपापल्या वाहनात सुरक्षित होते. परंतु सर्वांनी एकच उतार निवडल्यामुळे गर्दी झाली. साथरोगाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. वाहन कुटुंबाचे विलगीकरण करते, गंतव्यस्थान मात्र सर्वांना पुन्हा एकत्र आणते.

या पार्श्वभूमीवर ५ जानेवारी २०२१ रोजी चॅन्सेलर व राज्यप्रमुखांच्या बैठकीत एक नवा निकष ठरला. ज्या जिल्ह्यात सात दिवसांत लाख लोकसंख्येमागे २०० हून अधिक नवे रुग्ण आढळतील, तेथील रहिवाशांनी सबळ कारणाशिवाय निवासस्थानापासून १५ किलोमीटरच्या पलीकडे जाऊ नये. एकदिवसीय सहल हे सबळ कारण मानले जाणार नाही.

अंतराचा आकडा सुटसुटीत होता, परंतु ते मोजायचे कोठून? बर्लिनसारख्या महानगरात ते शहराच्या हद्दीपासून मोजायचे ठरले. शहराचा पूर्व-पश्चिम विस्तारच सुमारे ४५ किलोमीटर असल्याने बर्लिनवासीयाला मोठा प्रदेश खुला राहिला, तर लहान खेड्यातील रहिवाशाचे वर्तुळ चिमुकले झाले. बव्हेरियाच्या प्रशासकीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या राज्यातील हा नियम तात्पुरता स्थगित केला. परिघ नेमका कोठून मोजायचा, हे सामान्य नागरिकाला नियम वाचून स्पष्ट होत नाही, हे त्यामागील कारण होते. ज्या नियमाचा भंग केल्यास दंड होतो, त्याची सीमा नागरिकाला आधी कळली पाहिजे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

यजमान गावे आणि वाहन नसलेले

सहलीला जाणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी असली, तरी यजमान गावांची भीतीही निराधार नव्हती. बेटांवर व डोंगराळ भागांत रुग्णालये छोटी, अतिदक्षता खाटा मोजक्या आणि वृद्धांचे प्रमाण अधिक असते. उपाहारगृहे बंद असल्याने सहलकऱ्यांकडून मिळणारे उत्पन्न नगण्य, मात्र कचरा, वाहतूककोंडी व संसर्गाची शक्यता गावाच्या वाट्याला आली. पर्यटनावर जगणारी गावेच पर्यटकांना परत पाठवू लागली, ही त्या काळातील कटू वस्तुस्थिती होय.

समतेचा प्रश्नही येथे उद्भवतो. नवी कॅम्परव्हॅन साधारणतः पन्नास हजार युरोंहून अधिक किमतीची असते. बंद उपाहारगृहे व कुलूपबंद शौचालये यांचा जाच व्हॅनमालकाला जाणवला नाही. दोन खोल्यांच्या घरात मुलांसह अडकलेल्या आणि सार्वजनिक वाहतुकीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाला तो पुरेपूर जाणवला. सार्वजनिक सोयी काढून घेतल्या की संचाराचा हक्क कागदावर सर्वांना सारखा राहतो, व्यवहारात मात्र तो खासगी साधनांच्या प्रमाणात वाटला जातो.

संपर्काचा निकष

मार्च २०२१ मध्ये या विसंगतीचा कळस झाला. स्पेनमधील मायोर्का बेटाचे नाव जोखमीच्या प्रदेशांच्या यादीतून निघाल्याने जर्मन नागरिक विमानाने तेथील हॉटेलात जाऊ शकत होते. स्वतःच्या राज्यातील कॅम्पिंगच्या जागेवर स्वतःच्या व्हॅनमध्ये झोपणे मात्र निषिद्ध होते. श्लेस्विग-होल्श्टाइनसह काही राज्यांनी तेव्हा ‘अल्पसंपर्क सुट्टी’चा प्रस्ताव मांडला. स्वतंत्र स्वयंपाकघर व शौचालय असलेल्या निवासांना, म्हणजे सुट्टीतील घरे व कॅम्परव्हॅन यांना, आपल्याच राज्यातील रहिवाशांसाठी परवानगी द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्या बैठकीत तो प्रस्ताव मान्य झाला नाही. तथापि १९ एप्रिल २०२१ पासून श्लेस्विग-होल्श्टाइनमधील श्लाय व एकर्नफ्योर्डे परिसरात नियमित चाचण्यांच्या अटीवर पर्यटनाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला आणि मे महिन्यात ते राज्य पर्यटकांना खुले झाले. किती किलोमीटर, दिवस की रात्र, या निकषांकडून प्रत्यक्ष संपर्क व चाचणी या निकषांकडे झालेला हा प्रवास होता.

भारतासाठी बोध

भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानेही मुक्त संचाराचा हक्क दिला असून सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०२० मध्ये आणि दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी ई-पास आवश्यक करण्यात आला. जिल्ह्याची सीमा हा प्रशासनाला सोयीचा निकष होता. परंतु सीमेलगतच्या गावांना त्याचा जाच हॅम्बुर्गच्या सायकलस्वारांइतकाच, किंबहुना अधिक झाला, कारण त्यांचा प्रवास बहुधा बाजार, शेती व दवाखाना यांसाठी असे.

कॅरॅव्हॅन पर्यटनही आता आपल्याकडे धोरणाचा विषय आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने या संदर्भात २००९ मध्ये धोरण जाहीर केले होते. महासाथीच्या काळात, २०२१ मध्ये, महाराष्ट्र व केरळ यांनी आपापली धोरणे आणली. त्यांच्या अंमलबजावणीत वाहनांइतकेच लक्ष वाहनतळ, पिण्याचे पाणी, मैला व सांडपाण्याची विल्हेवाट आणि स्थानिक ग्रामपंचायतीचा सहभाग यांकडे द्यावे लागेल.

पुढील संकटासाठी जर्मनीच्या अनुभवातून तीन गोष्टी घेता येतील. निर्बंधाचा निकष धोक्याशी थेट निगडित असावा. त्याची सीमा सामान्य माणसाला वाचताक्षणी कळावी. आणि मोकळ्या हवेत जाण्याची सोय, स्वच्छतागृहे व मर्यादित सार्वजनिक वाहतूक यांसह, वाहन नसलेल्यांसाठीही चालू ठेवावी. या तीन अटी पाळल्या गेल्या, तर निर्बंध कठोर असले तरी लोक ते आपले मानून पाळतील.