पहिली रेडिओ-नौका

आपल्या किनाऱ्यावरील मुलास होडी म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. दांडीच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या तो चालूं लागल्यापासून पाहत असतो, आणि पावसाळ्यांत पोयीची होडी करून व्हाळांत सोडण्याचा खेळ त्याला कोणीं शिकविलेला नसतो. अलीकडे रेडिओच्या साह्यानें कांठावरून चालविण्याच्या शिडाच्या लहान नौका चित्रांतून मुलांच्या दृष्टीस पडूं लागल्या आहेत. त्यामुळें दरवर्षीं दोनतीन विद्यार्थी, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे पालक, एकच प्रश्न घेऊन येतात : अशी पहिली नौका विकत घ्यावी कीं घरीं बांधावी ? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या आधीं दुसऱ्याच एका प्रश्नाचें उत्तर ठाऊक असावें लागतें, आणि तें मला एका फजितीनें शिकविलें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका विज्ञान-प्रदर्शनाकरितां चार मुलांनीं मराठ्यांच्या आरमारांतील गुराब या जातीच्या जहाजाची प्रतिकृति केली. ज्या कुरटे बेटावर १६६४ सालीं सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तें बेट घराच्या पडवींतून पाहत वाढलेलीं तीं मुलें. त्यांचा उत्साह काय वर्णावा! पुस्तकांतील चित्रावरून एकास तीस या प्रमाणांत मापें घेतलीं, डोलकाठ्या उभ्या केल्या, तोफांच्या खिडक्या कोरल्या. मापांत चूक राहूं नये म्हणून मीं स्वतः पट्टी घेऊन तीनदां पडताळा पाहिला. नौका हौदांत सोडली, मंद झुळूक आली, आणि आमची गुराब क्षणार्धांत आडवी होऊन तिचीं शिडें पाण्यावर पसरलीं. पुन्हां उभी केली, पुन्हां तेंच. मुलांचीं तोंडें उतरलीं. एका मुलाचे वडील मासेमारी करणारे. ते शेजारींच उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, हिची उलांडी खंय आसा ?"

उलांडी म्हणजे होडीच्या एका बाजूस आडव्या दांड्यांनीं जोडलेलें हलकें लांकूड. होडी त्या बाजूस कलूं लागली कीं तें पाण्यांत दबून तिला सांवरतें. उलट बाजूस कलूं लागली कीं त्याचें वजन तिला मागें खेंचतें. त्या गृहस्थांनीं थट्टा केली नव्हती. योग्य तोच प्रश्न विचारला होता. परंतु मोठ्या जहाजाला उलांडी नसते. त्याच्या तळांत दगड वगैरे भरून जें वजन देतात, ज्यास नीरम म्हणतात, तेवढें त्याला पुरतें. मग त्याच जहाजाच्या हुबेहूब लहान रूपास तें कां पुरूं नये ?

येथें थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. समजा, दहा मीटर लांबीच्या नौकेची आपण एक मीटर लांबीची प्रतिकृति केली. लांबी, रुंदी व उंची दहापट कमी झाली, तेव्हां शिडाचें क्षेत्रफळ शंभरपट कमी झालें आणि वजन हजारपट. आतां नौकेला कलविणारा जोर म्हणजे शिडावरील वाऱ्याचा दाब गुणिलें शिडाची उंची. तो शंभर गुणिलें दहा, अर्थात् हजारपट कमी झाला. तिला सरळ ठेवणारा जोर म्हणजे तिचें वजन गुणिलें तरफेचें अंतर. तो हजार गुणिलें दहा, अर्थात् दहा हजारपट कमी झाला ! वारा कांहीं आपल्या नौकेकरितां लहान होत नाहीं. म्हणून त्याच वाऱ्यांत प्रतिकृति मूळ नौकेच्या दहापट सहज कलंडते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो; तेव्हां असेंहि म्हणतां येईल कीं, ताशीं १० किलोमीटरांची झुळूक त्या चिमुकलीला ताशीं ३२ किलोमीटरांच्या वाऱ्यासारखी भासते. आमची गुराब तर तिसावा हिस्सा होती. तिची काय कथा?

लहान नौकेवरून मोठीचें अनुमान काढणें हा अर्थात् पोरखेळ नव्हे. इंग्लंडांत विल्यम फ्रूड यांनीं १८७२ च्या सुमारास टॉर्की येथें त्यासाठीं मुद्दाम लांबलचक हौद बांधला होता. अजंठ्याच्या चित्रावरून, फळ्या काथ्यानें शिवून, गोव्यांत बांधलेली 'कौंडिण्य' ही नौका २१ मे २०२५ रोजीं कारवारला आपल्या नौसेनेंत दाखल झाली. तिचीहि आधीं प्रतिकृति करून मद्रासच्या आय.आय.टी.च्या साह्यानें पाण्यांत परीक्षा घेण्यांत आली होती. मात्र हे लोक प्रत्येक आंकडा त्याच्या त्याच्या नियमानें वाढवितात किंवा कमी करितात. आम्हीं सगळेच आंकडे एकाच पट्टीनें कमी केले, ही आमची चूक.

तर पहिली नौका निवडतांना प्रथम पाहावयाचें तें शीड नव्हे, रंग नव्हे. पाहावयाचा तो तळाखालचा कणा. तो पात्यासारखा पातळ व खोल असावा, आणि त्याच्या टोंकास शिशाचा लांबट गोळा असावा. एक मीटर लांबीच्या नौकांचा आंतरराष्ट्रीय वर्ग आहे. त्यांत नौकेचें वजन निदान ४ किलो लागतें, आणि त्यांपैकीं २.२ ते २.५ किलो एवढें एकट्या कण्याचें व गोळ्याचें असतें. म्हणजे निम्म्याहून अधिक वजन पाण्याखालीं टांगलेलें ! हा कणा मूळ जहाजांत नसतो म्हणून तो लावण्याची लाज वाटूं देऊं नये. आम्हीं नंतर आमच्या गुराबेखालीं पारदर्शक प्लास्टिकचें पातें बसवून त्याला शिसें बांधलें. वरून पाहणाऱ्यास तें दिसलेंहि नाहीं, आणि नौका उभी राहिली.

एक मीटरची नौका सुरेख खरी, पण तिला तळाखालीं ४२ सेंटिमीटरपर्यंत खोली लागते आणि ती उचलून नेणें लहान मुलाच्या आटोक्याबाहेरचें आहे. माझ्या मतें आरंभ ६५ सेंटिमीटरच्या नौकेनें करावा. या मापाचा 'आरजी-६५' नांवाचा वर्ग घरीं बांधणाऱ्यांना फार सोयीचा आहे : लांबी ६५ सेंटिमीटर आणि शिडांचें क्षेत्रफळ २,२५० चौरस सेंटिमीटर यांहून अधिक नको, एवढें संभाळलें कीं बाकी बरेंचसें स्वातंत्र्य. त्याच लांबीची 'ड्रॅगन फोर्स ६५' ही कारखान्यांत तयार झालेली नौका मिळते. एवढ्या लांबीची नौका साधारणपणें माणसाच्या चालण्याच्या वेगानें जाते. आईबापांनीं कांठाकांठानें चालत तिची सोबत करावी. एस.टी.च्या गाडींत ती मांडीवरहि मावते.

दुकानांत 'शिडाची बोट' म्हणून कधीं कधीं जें खेळणें दाखवितात, त्याचें शीड केवळ शोभेचें असून खालीं पंखा फिरत असतो. तें घेऊं नये. पैसे देण्यापूर्वीं विचारावें : शिडाचा दोर रेडिओनें ओढतां व सोडतां येतो काय ? कण्याचें वजन किती ? सुकाणूं मोडल्यास दुसरें सुटें मिळेल काय ? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण तें मोडतेंच.

रेडिओचें काम ऐकून मुलांना वाटतें त्याहून सोपें आहे. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें रेडिओनें चालणारी नौका प्रथम लोकांस दाखविली. आज तीच किमया मुलाच्या तळहातावर मावते. शिडाच्या नौकेस दोनच आज्ञा लागतात. एक सुकाणवाला : डावीकडे, उजवीकडे. दुसरी शिडांना : दोर ओढ, दोर सोड. प्रत्येक आज्ञेकरितां 'सर्व्हो' नांवाची लहान मोटर असते. आपण हातांतील दांडी जितकी हलवूं तितकीच ती फिरते व तेथें थांबते. नौका पुढें नेण्याचें काम वाऱ्याचें, त्यामुळें बॅटरी पुष्कळ वेळ टिकते. हल्लींच्या रेडिओच्या लहरी पाण्यांतून जात नाहींत, म्हणून नौकेंतील ग्राहक-यंत्राची तार पाण्याच्या रेषेच्या वर ठेवावी. ग्राहक व बॅटरी झांकणाच्या डब्यांत बसवावीं. खारें पाणी तारेला कसें खातें हें आपणांस सांगावयास नको.

आतां मूळ प्रश्न. रेडिओचीं यंत्रें विकत घ्यावींत, यांत दुमत नसावें. ज्या घरीं करवत-रंधा चालविणारें कोणी वडील माणूस आहे, त्या घरीं बाकीची नौका बांधावी; नसेल तेथें पहिली विकत घेऊन दुसरी बांधावी. अर्धवट बांधून माळ्यावर पडलेल्या नौका मीं पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या मुलाच्या मनाला तयार नौकेच्या किंमतीहून महाग पडतात.

बांधण्याची उत्तम रीत आपल्या शेजारींच पाहावयास मिळाली आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें जिच्यांतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'म्हादेई' गोव्यांतील दिवाडी बेटावर लांकडी पट्ट्या जोडून व त्यांवर कांचतंतूंचें आवरण चढवून बांधली होती. नमुन्याचेंहि तसेंच करावें : आडव्या सांगाड्यांवर अगदीं पातळ, हलक्या लांकडाच्या पट्ट्या चिकटवाव्या, घांसून गुळगुळीत कराव्या आणि जलरोधक लेप द्यावा. लेप देतांना खिडक्या उघड्या असाव्या. सावंतवाडीच्या खेळण्यांतील पांगाऱ्याचें लांकूड हातांत घेऊन पाहा. हलकें लांकूड म्हणजे काय तें कळेल. मुलें बळकटीच्या नादानें जाड लांकूड घेतात व तेथेंच घात होतो, कारण वर चढविलेला प्रत्येक ग्रॅम शिशाशीं भांडतो. प्रत्येक भाग लावण्यापूर्वीं तराजूंत घालावा व वजन वहींत मांडावें. एक किलो शंभर ग्रॅमची नौका असेल तर निम्मे, म्हणजे साडेपांचशें ग्रॅम, शिशाकरितां राखून ठेवावे; तेवढ्या शिशास अवघी ४९ घन सेंटिमीटर जागा लागते. तें शिसें मुलांनीं घरीं वितळवूं नये. त्याची वाफ विषारी आहे. पागाला लावतात तशा शिशाच्या गोळ्या नळींत दाटून भराव्या व चिकट लेपानें बंद कराव्या, आणि मग हात साबणानें धुवावे.

नौका तयार झाली कीं एक परीक्षा घ्यावी. मंद वाऱ्यांत तिला चालूं देऊन सुकाणूं मध्यें सोडावें. ती हळूंहळूं आपण होऊन वाऱ्याकडे तोंड करून थांबली, तर डोलकाठी योग्य जागीं आहे. वाऱ्याकडे पाठ करून पळूं लागली, तर डोलकाठी किंचित् मागें घ्यावी. रेडिओ बंद पडल्यास पहिली नौका थांबून वाट पाहील. दुसरी दृष्टीआड होईल. आणि वाऱ्याच्या अगदीं समोर कोणतीच नौका जात नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. सुमारें पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून, एकदां या अंगानें व एकदां त्या अंगानें, नागमोडी जावें लागतें. मुलांना हें शिकावयास एक आठवडा पुरतो, त्यांच्या वडिलांना थोडें अधिक.

पाणी कोणतें निवडावें ? सावंतवाडीचा मोती तलाव नवख्याला चांगला, कारण भोंवतीं फिरतां येतें. मात्र नगरपालिकेची परवानगी आधीं काढावी. १५३० सालीं बांधलेला आमचा धामापूरचा तलाव रमणीय आहे, पण भोंवतालच्या डोंगरांमुळें व झाडीमुळें वारा तेथें घडींत एकीकडून तर घडींत दुसरीकडून येतो. शुभवर्तमानांत गालील समुद्रावर अकस्मात् उठलेल्या वादळाची हकीकत वाचतांना मला नेहमीं डोंगरांनीं वेढलेलें असेंच पाणी डोळ्यांसमोर येतें. तेथें नौका मध्यावर नेऊं नये.

समुद्रावर न्यावयाचीच असेल तर वेळ पाहून न्यावी. सकाळीं जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. त्या वेळीं किनाऱ्यावरून सोडलेली नौका, बॅटरी संपली किंवा सुकाणूं अडकलें कीं, थेट किल्ल्याच्या दिशेनें निघून जाते, आणि तिच्यामागें पाण्यांत धांवणारा मुलगा हीच खरी भीति आहे. एका विद्यार्थ्याला छातीभर पाण्यांतून हात धरून मागें आणतांना मीं पाहिलें आहे. दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. तेव्हां बिघडलेली नौका लाटांबरोबर परत वाळूवर लागते. म्हणून समुद्रावर दुपारींच, तीहि पावसाळा सोडून, आणि मोठें माणूस बरोबर असेल तरच. निघण्यापूर्वीं पिशवींत गळाची दोरी व तिला बांधलेला एक रबरी चेंडू ठेवावा. तळ्यांत अडकून बसलेल्या नौकेपलीकडे तो फेंकून दोरी हळूं ओढली कीं ती डोलकाठीला गुंतते व नौका कांठाला येते. नाहींच आली, तर वारा फिरेपर्यंत कांठावर बसून राहावें.